माझदा आर३६० कूपे : एकास दहा प्रतिकृती व इतिहासफलक यांच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५

पुण्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या यंत्र विभागात मार्चअखेर भरणाऱ्या प्रदर्शनासाठी माझदा आर३६० कूपे या जपानी मोटारीची एकास दहा प्रमाणातील प्रतिकृती आणि तिच्यासोबत लावायचे मराठी इतिहासफलक तयार करण्याचे काम आजपासून सुरू झाले. आमच्या गटात आरेखन विभागातून निवृत्त झालेले आम्ही दोघे, साचेकामाचा दीर्घ अनुभव असलेले एक पॅटर्नमेकर आणि तृतीय वर्षाचे काही विद्यार्थी आहेत. फलकांचा मजकूर लिहिण्याची आणि या नोंदी ठेवण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे.

गाडीच्या निवडीविषयी पहिल्याच बैठकीत चर्चा झाली. छोट्या जपानी मोटारींमध्ये सुबारू ३६० अधिक प्रसिद्ध आहे, होंडाच्या गाड्या अधिक वेगवान होत्या आणि १९७० च्या दशकातील सुझुकीच्या फ्रोंटे कूपेचे रूप अधिक आकर्षक आहे. तरीही मी आर३६० चाच आग्रह धरला, कारण तीनचाकी मालवाहू वाहने बांधणाऱ्या एका कारखान्याने बनवलेली ही पहिली प्रवासी मोटार आहे आणि तिचे प्रत्येक माप, प्रत्येक धातू आणि प्रत्येक उणीव एका ठरलेल्या किमतीपर्यंत पोहोचण्यासाठी स्वीकारलेली आहे. विद्यार्थ्यांना अभियांत्रिकीतील निर्णय म्हणजे काय, हे दाखवण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. फलकांवर केवळ मापांचे कोष्टक न देता त्या मापामागचे कारण सांगायचे, असे ठरले.

१० जानेवारी

आज मूळ मापांवरून प्रतिकृतीची मापे काढली. मूळ गाडीची लांबी २,९८० मिमी, रुंदी १,२९० मिमी, उंची १,२९० मिमी आणि दोन आसांमधील अंतर १,७६० मिमी आहे. प्रतिकृतीत ही मापे अनुक्रमे २९८, १२९, १२९ आणि १७६ मिमी होतील. रुंदी आणि उंची तंतोतंत एकच असल्यामुळे समोरून पाहिल्यास ही गाडी एका चौरसात बसते. छायाचित्रांत ती बुटकी आणि पसरट भासते याचे श्रेय मागे उतरत जाणाऱ्या छताच्या रेषेला द्यावे लागेल.

या मापांचा उगम कायद्यात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने १९४९ साली 'केई' म्हणजे हलक्या वाहनांचा स्वतंत्र वर्ग निर्माण केला. पुढील काही वर्षांत त्याच्या मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढत गेल्या आणि १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ३ मीटर लांबी, १.३ मीटर रुंदी व ३६० घनसेंमी इंजिन ही चौकट स्थिर झाली. तोपर्यंत दोन फेऱ्यांच्या (टू-स्ट्रोक) इंजिनांना चार फेऱ्यांच्या इंजिनांपेक्षा कमी क्षमतेची अट होती. ती निघाल्यावर दोन्ही प्रकारांना ३६० घनसेंमी हीच मर्यादा लागू झाली आणि मोटार बांधण्याजोगे इंजिन या वर्गात प्रथमच शक्य झाले. या वर्गातील गाडी सोळाव्या वर्षी मिळणाऱ्या वेगळ्या परवान्यावर चालवता येत असे आणि तिला त्या काळी ठरावीक मुदतीच्या तपासणीची सक्ती नव्हती. त्यामुळे मर्यादेच्या आत राहण्याचा लाभ गाडी विकत घेतल्यानंतरही मिळत राही. आर३६० ने लांबीत २० मिमी आणि रुंदीत १० मिमी एवढीच जागा सोडली आहे. पहिल्या फलकावर कायद्याची चौकट आणि तिच्या आत गाडीची बाह्यरेषा अशी आकृती काढायची आहे. शब्दांपेक्षा ती रेषाच अधिक सांगेल.

१८ जानेवारी

मुख्य ठोकळ्यासाठी शिवणीचे लाकूड आणले. ते हलके आहे, सुकल्यावर फारसे वाकत नाही आणि त्यावर धार चांगली चालते. बाजूच्या आणि वरच्या बाह्यरेषांचे पत्र्याचे साचे विद्यार्थ्यांनी कापून दिले. छताचा उतार एका वर्तुळखंडात बसत नसल्यामुळे त्या भागासाठी आडव्या छेदांचे आणखी साचे करावे लागतील.

२४ जानेवारी

कंपनीच्या पूर्वेतिहासाचा फलक आज लिहून झाला. गाडीची गोष्ट १९६० पासून सुरू केली तर ती अर्धवट राहते, असे माझे ठाम मत आहे.

हिरोशिमात १९२० साली बुचाच्या वस्तू बनवणारी तोयो कॉर्क कोग्यो ही कंपनी स्थापन झाली. जुजिरो मात्सुदा यांच्या हाती सूत्रे आल्यानंतर ती यंत्रनिर्मितीकडे वळली, १९२७ साली तिच्या नावातून बूच गळाले आणि तोयो कोग्यो हे नाव उरले. १९३१ साली शहराच्या पूर्वेला असलेल्या फुचू येथील कारखान्यातून 'माझदा' या नावाने तीनचाकी मालवाहू गाडी बाहेर पडली. पुढची जवळपास तीन दशके हा कारखाना मुख्यतः तीनचाकींवर जगला. युद्धकाळात तेथे बंदुकाही बनल्या.

६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब पडला तेव्हा स्फोटकेंद्रापासून सुमारे ५ किमी अंतरावर आणि हिजियामा टेकडीच्या आडोशाला असल्यामुळे कारखान्याच्या इमारती बऱ्याच अंशी वाचल्या. मात्र त्या सकाळी शहरात असलेले कंपनीचे अनेक कर्मचारी मृत्युमुखी पडले. शहराचे मध्यवर्ती भाग नष्ट झाल्याने हिरोशिमा प्रांताचे सरकारी कार्यालय काही महिने याच कारखान्याच्या इमारतीतून चालले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तीनचाकींचे उत्पादन पुन्हा सुरू झाले. हा मजकूर लिहिताना मी विशेषणे पूर्णपणे टाळली आहेत. फलकासमोर उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्याला हे तपशील स्वतःच्या गतीने वाचू द्यावेत, त्यांवर आपल्या भावनांचा थर चढवू नये, एवढेच मला वाटते.

१९५१ साली जुजिरो यांचे पुत्र त्सुनेजी मात्सुदा अध्यक्ष झाले. आर३६० चा निर्णय त्यांच्या कारकिर्दीतला आहे.

२ फेब्रुवारी

तीनचाकी आणि आर३६० यांना जोडणारा दुवा आजच्या फलकात आला. १९५७ साली डायहात्सुने मिजेट ही चिमुकली तीनचाकी बाजारात आणली आणि गल्लीबोळांतून माल पोहोचवणाऱ्या दुकानदारांनी ती उचलून धरली. तोयो कोग्योने १९५९ साली के३६० ही तीनचाकी काढून तिला उत्तर दिले. तिच्यात व्ही आकारात मांडलेल्या दोन सिलिंडरांचे, हवेने थंड होणारे, ३५६ घनसेंमीचे चार फेऱ्यांचे इंजिन होते आणि त्यातून ११ अश्वशक्ती मिळत असे. वर्षभरातच त्याच क्षमतेचे आणि त्याच मांडणीचे इंजिन आर३६० च्या मागील भागात १६ अश्वशक्तीसह बसले.

प्रवासी मोटारीचा कोणताही अनुभव नसलेल्या कंपनीने नव्या गाडीसाठी इंजिनाची मूळ कल्पना नवी शोधली नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. ओतकाम, सिलिंडरांचे यंत्रण आणि या जातीच्या इंजिनाची दुरुस्ती करणारे विक्रेत्यांकडील कारागीर या तिन्ही गोष्टी तीनचाकीमुळे आधीच तयार होत्या. धोका पत्करायचा तो शरीरबांधणीत, हृदय मात्र परिचितच ठेवायचे, अशी ही विभागणी दिसते.

९ फेब्रुवारी

इंजिनाच्या छेदप्रतिकृतीवर आजचा पूर्ण दिवस गेला. ती गाडीच्या प्रमाणात न करता एकास दोन प्रमाणात वेगळी करायची आहे, म्हणजे दट्ट्या, कनेक्टिंग रॉड आणि पुशरॉड हाताने फिरवून पाहता येतील. मूळ सिलिंडराचा व्यास ६० मिमी आणि दट्ट्याची धाव ६३ मिमी आहे. विद्यार्थ्यांनी फलकासाठी गणित मांडले: एका सिलिंडराची क्षमता सुमारे १७८ घनसेंमी, दोहोंची ३५६. कायद्याच्या मर्यादेपेक्षा केवळ ४ घनसेंमी कमी.

दोन सिलिंडरांमधील कोन ७६ अंशांचा आहे. तो ९० अंशांचा का नाही, असा प्रश्न एका विद्यार्थिनीने विचारला आणि त्यावर आमची बराच वेळ चर्चा झाली. एकाच क्रँकपिनवर चालणारे दोन सिलिंडर ९० अंशांत मांडले आणि क्रँकवर योग्य प्रतिभार दिला, तर पहिल्या प्रतीचे असंतुलन, म्हणजे क्रँकच्या प्रत्येक फेरीत एकदा बसणारा हादरा, जवळपास नाहीसे होते. कोन जसा कमी करावा तसे इंजिन अरुंद होते, पण थोडा कंप पत्करावा लागतो. ७६ अंश हा या दोन गरजांमधला मधला मार्ग आहे: इंजिन अरुंद जागेत मावते आणि कंपही फार वाढत नाही. छेदप्रतिकृतीच्या बाजूला ९० अंशांची बाह्यरेषा तुटक रेषेने दाखवायची सूचना त्याच विद्यार्थिनीने केली आणि ती सर्वांनी मान्य केली.

चार फेऱ्यांचे इंजिन निवडणे हा या गाडीतील सर्वांत धाडसी तांत्रिक निर्णय म्हणावा लागेल. सुबारू ३६० आणि सुझुकीची सुझुलाइट या प्रतिस्पर्धी गाड्यांत दोन फेऱ्यांची इंजिने होती. दोन फेऱ्यांच्या इंजिनात व्हॉल्व्ह, रॉकर, पुशरॉड नसतात. ते हलके आणि स्वस्त असते व तेवढ्याच क्षमतेतून जोर सहज देते, पण पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते, धूर होतो आणि इंधनही अधिक जळते. आपल्याकडे जुन्या स्कूटर आणि रिक्षांमागे उभे राहिलेल्या पिढीला त्या निळ्या धुराविषयी वेगळे सांगायला नको. चार फेऱ्यांच्या इंजिनाचा आवाज अधिक शांत आणि इंधनखर्च कमी असतो, मात्र सुटे भाग वाढतात आणि वजनही वाढते. तोयो कोग्योने ते वजन धातू बदलून परत मिळवले: इंजिनाच्या भागांसाठी ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम यांच्या मिश्रधातूंचा वापर केला. सर्वांत स्वस्त म्हणून बाजारात येणाऱ्या गाडीत मॅग्नेशियम वापरणे वरवर विसंगत दिसते. मात्र या गाडीत वाचलेल्या प्रत्येक किलोग्रॅमामुळे सस्पेन्शन, ब्रेक आणि चाके हलकी ठेवता येत होती, आणि १६ अश्वशक्तीवर ताशी ९० किमीपर्यंत जाण्याचा दुसरा मार्गही नव्हता.

इंजिन मागे असल्यामुळे त्याला समोरून येणारा वारा मिळत नाही, म्हणून पंख्याने हवा ढकलून सिलिंडरांवर फिरवावी लागते. पंख्याचे घर छेदप्रतिकृतीत पारदर्शक ठेवले आहे.

१५ फेब्रुवारी

ठोकळ्याचा आकार आता ओळखू येऊ लागला आहे. पॅटर्नमेकर काकांनी छताचा उतार पटाशीने काढला आणि त्यानंतर पॉलिश पेपर फिरवण्याचे काम विद्यार्थ्यांकडे दिले.

या आकाराचे जनक जिरो कोसुगी हे स्वतंत्र औद्योगिक रचनाकार होते. जानोमे शिलाई मशीनची रचना त्यांनी केली होती आणि माझदाच्या तीनचाकींनाही नीटनेटके रूप दिले होते. मोटारीची आकृती काढताना त्यांनी कमी पत्रा, कमी घड्या आणि सोपे साचे यांचा विचार केल्याचे ठोकळा तासताना हाताला कळते: दारांखाली फुगवटा नाही, मडगार्ड वेगळे नाहीत, पुढचा भाग एका सलग वळणात खाली उतरतो. बाजूच्या पृष्ठभागावर आमचा साचा जवळजवळ न अडखळता सरकतो. सजावट काढून घेतली की गाडी ओकीबोकी दिसेल अशी जी भीती असते, ती इथे खोटी ठरते. प्रमाणबद्धता हीच तिची सजावट आहे. शिलाई मशीन घडवणाऱ्या माणसाला रोज घरात दिसणाऱ्या वस्तूने डोळ्यांना थकवू नये याची जाण असणारच.

शरीर आणि चॅसिस एकसंध आहेत, वेगळी चौकट नाही. मागील काच काचेची नसून ॲक्रिलिकची आहे, तीही वजनासाठी. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन असून त्यात पोलादी पाट्यांऐवजी रबराच्या पिळाचा उपयोग केला आहे: एका नळीत दुसरी नळी आणि त्यांच्यामध्ये रबर, चाक वर गेले की रबर पिळले जाते आणि परत उलगडते. त्याचा नमुना आम्ही सायकलीच्या ट्यूबचे रबर व पितळी नळ्या वापरून बनवला आहे. तो प्रेक्षकांना हातात घेता येईल.

२३ फेब्रुवारी

आज मुख्य फलक लिहिला. गाडी कूपे का झाली हा त्याचा विषय असून संपूर्ण प्रदर्शनात मला जे सांगायचे आहे ते याच फलकात आहे, म्हणून येथे सविस्तर नोंद करतो.

कूपे म्हटले की आपल्या मनात ऐटदार, वेगवान आणि महागडी गाडी येते. श्रीमंतांसाठी चार दारांची गाडी पुरेशी असताना त्यांच्या हौसेसाठी मागची जागा कापून काढलेली, असा तिचा सर्वसाधारण अर्थ. आर३६० च्या बाबतीत नेमके उलट घडले. येथे मागची जागा कापली ती गाडी कमीत कमी पैशांत देता यावी म्हणून.

१९५५ साली जपानच्या व्यापार व उद्योग मंत्रालयाची 'लोकांची मोटार' ही योजना वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. तिच्यातील अपेक्षा अशा होत्या: इंजिन ३५० ते ५०० घनसेंमी, वजन ४०० किलोग्रॅमपेक्षा कमी, चार माणसे किंवा दोन माणसे आणि १०० किलोग्रॅम सामान, कमाल वेग ताशी १०० किमी, ताशी ६० किमी वेगाने जाताना एका लिटरमध्ये ३० किमी, आणि किंमत अडीच लाख येनपेक्षा कमी. उद्योगाने ही उद्दिष्टे अशक्य ठरवली आणि योजना अधिकृत धोरण झाली नाही. पण ते आकडे अभियंत्यांच्या मनात राहिले. १९५८ साली विमाननिर्मितीचा वारसा असलेल्या फुजी हेवी इंडस्ट्रीजने सुबारू ३६० आणली. शिनरोकू मोमोसे यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या या गाडीत ३ मीटरच्या आत चार प्रौढ माणसे बसत, आणि तिचे वजन अवघे ३८५ किलोग्रॅम होते. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ती असामान्य कामगिरी आहे आणि फलकावर तसे स्पष्ट लिहिले आहे. मात्र तिची सुरुवातीची किंमत ४ लाख २५ हजार येन होती.

आर३६० कूपे २८ मे १९६० रोजी ३ लाख येनला विक्रीस आली. त्याच वर्षी आलेल्या मित्सुबिशी ५०० ची किंमत ३ लाख ९० हजार येन होती. सुबारू आणि आर३६० यांच्या किमतींतील सव्वा लाख येनांची ही तफावत कोठून आली, याचे उत्तर वजनात शोधायला गेलो तर फारसे हाती लागत नाही, कारण आर३६० चे वजन ३८० किलोग्रॅम, म्हणजे सुबारूपेक्षा केवळ ५ किलोग्रॅमने कमी आहे. चार फेऱ्यांच्या इंजिनाने खाल्लेले वजन छोट्या शरीराने आणि हलक्या धातूंनी भरून काढले, असा हा हिशेब आहे. किमतीचा हिशेब निराळा आहे. छताची उंची सुबारूपेक्षा ९० मिमीने कमी, पत्रा कमी, मागील आसन केवळ मुलांना पुरेल एवढे आणि शरीराची घडण सोपी, शिवाय तीनचाकीकडून चालत आलेले इंजिन आणि मोठ्या प्रमाणावर उत्पादन करण्याची कारखान्याची तयारी. चार प्रौढांसाठी जागा करण्याचा अट्टहास सोडताच बाकीचे सर्व निर्णय सोपे झाले.

मला या निर्णयात मोठा प्रामाणिकपणा दिसतो. चार माणसांची गाडी म्हणून जाहिरात करायची आणि मागे बसणाऱ्यांना गुडघे हनुवटीला लावून बसायला लावायचे, हा मार्ग कंपनीला मोकळा होता. तिने दोन प्रौढ आणि मागे दोन लहान मुले असे स्पष्ट म्हटले आणि त्या मर्यादेला साजेसा देखणा आकार दिला. मंत्रालयाच्या जुन्या अपेक्षांशी ताडून पाहिले तर वजन बसते, कंपनीने सांगितलेला ३२ किमी प्रति लिटर हा इंधनखर्च बसतो, वेग थोडा कमी पडतो, किंमत ५० हजार येनांनी वर जाते आणि चार आसनांची अट मात्र बाजूला ठेवलेली दिसते. ही तुलना आम्ही फलकावर दोन रंगांच्या पट्ट्यांनी दाखवणार आहोत.

१ मार्च

स्वयंचलित गिअरच्या गाडीसाठी वेगळा छोटा फलक हवा, असे आरेखनातील माझ्या सहकाऱ्यांनी सुचवले आणि ते मला पटले. आर३६० चार गिअरच्या हाती गिअरबॉक्ससह मिळत असे, आणि २० हजार येन अधिक दिल्यास टॉर्क कन्व्हर्टरसह (क्लचऐवजी तेलाच्या प्रवाहातून जोर पुढे नेणारा भाग) दोन वेगांची स्वयंचलित गाडी मिळे. ३५६ घनसेंमीच्या गाडीला १९६० साली टॉर्क कन्व्हर्टर देणे ही केई वर्गातील पहिलीच घटना होती. हा कन्व्हर्टर ओकामुरा या कंपनीने पुरवला. कार्यालयीन फर्निचरसाठी आज ओळखल्या जाणाऱ्या या कंपनीने १९५० च्या दशकात मिकासा नावाची स्वतःची छोटी स्वयंचलित मोटारही थोड्या संख्येने बनवली होती.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेलाच्या प्रवाहातून जोर पुढे जात असल्याने काही शक्ती वाया जाते, आणि १६ अश्वशक्तीत वाया घालवण्यासारखे फारसे काही नसते. तरीही क्लचचे पेडल नाहीसे होणे हा मोठा लाभ होता. नव्यानेच गाडी शिकणाऱ्यांना ती सोपी झाली आणि पाय वापरू न शकणाऱ्या व्यक्तींसाठी पूर्णपणे हाताने चालवता येणारी आर३६० बनवणे शक्य झाले. तशी गाडी कंपनीने खरोखर दिली. हा तपशील आम्ही फलकाच्या मथळ्यातच घेतला आहे, तळटीपेत ढकललेला नाही.

६ मार्च

पोटीनचा शेवटचा थर घासून अस्तर मारले. दहा इंची चाकांच्या रिम ॲल्युमिनियमच्या सळीतून लेथवर काढल्या. प्रतिकृतीत त्यांचा व्यास २५.४ मिमी आहे. रंग एकच आणि फिकट ठेवायचा, कारण गडद रंगात बाजूचे हलके वळण दिसत नाही.

१२ मार्च

विक्रीचा आणि पुढच्या वाटचालीचा फलक पूर्ण केला. १९६० अखेरपर्यंत २३,४१७ आर३६० बनल्या आणि त्या वर्षीच्या केई मोटारींच्या बाजारपेठेत तिचा वाटा सुमारे ६५ टक्के होता. प्रवासी मोटारीच्या व्यवसायात पहिले पाऊल टाकणाऱ्या कंपनीसाठी हे यश थक्क करणारे आहे. काळही अनुकूल होता. जुलै १९६० मध्ये पंतप्रधान झालेले हायातो इकेदा, जे स्वतः हिरोशिमा प्रांतातील ताकेहाराचे, त्यांच्या सरकारने वर्षअखेरीस राष्ट्रीय उत्पन्न दहा वर्षांत दुप्पट करण्याची योजना मंजूर केली. स्कूटरवरून मोटारीकडे पाहणारा मध्यमवर्ग त्या सुमारास आकार घेत होता आणि त्याच्या आवाक्यात प्रथम आलेली गाडी हीच होती.

परंतु आर३६० ने जी अट सोडली होती तीच दोन वर्षांत परत आली. कुटुंबांना चार जणांची गाडी हवी होती. फेब्रुवारी १९६२ मध्ये तोयो कोग्योने कॅरोल ३६० आणली: ३५८ घनसेंमीचे, पाण्याने थंड होणारे, ॲल्युमिनियमचे चार सिलिंडरांचे इंजिन, १८ अश्वशक्ती आणि चार प्रौढांना पुरेशी जागा. तिचे वजन मात्र ५२५ किलोग्रॅम झाले. एका किलोग्रॅमची काटकसर करणाऱ्या आर३६० नंतर लगेच आलेली ही गाडी तिच्यापेक्षा १४५ किलोग्रॅमने जड आहे, आणि तरी ग्राहकांनी तिला पसंती दिली. अभियंत्यांना जी गोष्ट सुंदर वाटते ती घर चालवणाऱ्यांना अपुरी वाटू शकते, हे विद्यार्थ्यांनी या दोन आकड्यांतून शिकावे. आर३६० चे उत्पादन १९६६ पर्यंत चालले आणि एकूण ६५,७३७ गाड्या बनल्या. तिच्या व्ही इंजिनावर १९६१ पासून बी३६० हा छोटा ट्रकही निघाला.

त्सुनेजी मात्सुदा यांचे धोरण उत्पन्नाच्या पिरॅमिडच्या पायथ्यापासून सुरुवात करून लोकांची ऐपत वाढेल तसे मोठ्या गाड्यांकडे जाण्याचे होते. आर३६०, मग कॅरोल, मग १९६३ पासून फॅमिलिया आणि १९६६ साली लुचे हा क्रम पाहिला की धोरण कागदावर राहिले नाही याची खात्री पटते. आर३६० विक्रीस आल्यानंतर काही महिन्यांतच मात्सुदा जर्मनीतील एनएसयू कंपनीशी रोटरी इंजिनाच्या (वरखाली होणाऱ्या दट्ट्यांऐवजी गोल फिरणाऱ्या घटकावर चालणारे इंजिन) परवान्याची बोलणी करण्यास गेले, आणि त्यातून पुढे १९६७ ची कॉस्मो स्पोर्ट जन्मली. रोटरीच्या चमकदार कथेपुढे आर३६० झाकोळून जाते, याचे मला वाईट वाटते. तीनचाकी विकणाऱ्या कंपनीला मोटारनिर्माती म्हणून उभे करणारी गाडी ही आहे.

१६ मार्च

आपल्या प्रेक्षकांसाठी एक जोड-फलक ठेवला आहे. आर३६० भारतात विकली गेली नाही, पण तिचा वर्ग आपल्या रस्त्यांना अनोळखी नाही. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली मारुती ८०० ही सुझुकीच्या केई वर्गातील गाडीवर आधारलेली असून तिच्यात ७९६ घनसेंमीचे तीन सिलिंडरांचे इंजिन होते. केई वर्गाची इंजिनमर्यादा १९७६ साली ५५० घनसेंमी झाली होती. निर्यातीच्या गाडीला ती बंधनकारक नसल्याने मोठे इंजिन देता आले. प्रदर्शनाला येणाऱ्या अनेकांच्या घरातली पहिली मोटार तीच असेल, म्हणून हा धागा दाखवणे योग्य वाटते. फलक चार ओळींचाच ठेवला आहे, कारण प्रदर्शनाचा विषय हिरोशिमातील गाडी आहे आणि तो बदलू द्यायचा नाही.

२२ मार्च

प्रतिकृतीची अंतिम जुळणी झाली. मागील झाकण उघडते व आतील इंजिनाची आकृती दिसते. मागचे आसन मुद्दाम वेगळ्या रंगाचे केले आहे, म्हणजे त्याची लहान खोली चटकन नजरेत भरेल. प्रतिकृती आरशाच्या पट्टीवर ठेवायची आहे, जेणेकरून गाडीच्या तळाची सपाट रचना खाली न वाकता पाहता येईल. इंजिन मागे असल्याने पुढून मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट नाही आणि त्यासाठीचा उंचवटाही नाही, हे तेथे स्पष्ट दिसते.

फलकांचा क्रम असा निश्चित केला: कायद्याची चौकट, कारखान्याचा पूर्वेतिहास, तीनचाकीकडून आलेले इंजिन, आकार, कूपे होण्याचे कारण, स्वयंचलित गाडी, विक्री व कॅरोल, आणि शेवटी मारुतीचा जोड-फलक. छेदप्रतिकृती इंजिनाच्या फलकासमोर, मुलांच्या हाताला पोहोचेल अशा उंचीवर ठेवायची असून तिची फिरकी घड्याळाच्या दिशेनेच फिरवावी अशी सूचना तिच्याजवळ लावायची आहे. रबराच्या सस्पेन्शनच्या नमुन्याचा एक जादा संच करून ठेवला आहे, कारण हाताळण्याने रबर सैल पडेल. सर्व साहित्य मंगळवारी महाविद्यालयात पोहोचवायचे असून फलक टांगण्याचे काम विद्यार्थी करतील.